तापीकाठी बर्फाची गाडी

तापीकाठच्या आमच्या प्रकाशा गावात बर्फ दिसतो तो उसाच्या रसाच्या गाडीवर, नाहीतर लग्नघरी पाण्याच्या पिंपात. जमिनीवर पसरलेला बर्फ मी कधी पाहिलेला नाही. माझा मुलगा कॅनडात, कॅलगरीला असतो. डिसेंबरात तो सहकुटुंब आला. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा झाली, घोडेबाजार पाहून झाला, केदारेश्वराला जाऊन आलो. परतताना सामानाचं वजन जास्त भरलं म्हणून नातवाने बर्फावर चालणारी रिमोटची गाडी माझ्याकडे ठेवली. "आजी, नुसती कपाटात ठेवू नकोस. चालव आणि मला व्हिडिओवर दाखव," असं तो बजावून गेला. आयुष्यात मी शिवणयंत्र आणि मिक्सर याखेरीज काही चालवलेलं नव्हतं. पण नातवाची वस्तू बिघडू द्यायची नाही एवढं मी ठरवलं.

आधी ती गाडी टेबलावर ठेवून नीट पाहिली. पुढे दोन लांब पट्ट्या, टोकाशी वर वळलेल्या. त्यांना स्की म्हणतात. मागे चाकांऐवजी रबराचा एक रुंद पट्टा, त्यावर आडव्या उंचवट्यांच्या रांगा. हा ट्रॅक. पट्ट्याच्या आत दातेरी चक्र, ते मोटर फिरवते आणि पट्टा फिरला की गाडी पुढे जाते. स्कींना डावीउजवीकडे वळवायला आत एक वेगळी छोटी मोटर असते, तिचं नाव सर्व्हो. म्हणजे ढकलणारा भाग मागे आणि वाट दाखवणारा पुढे. हे समजायलाच माझी एक दुपार गेली. गाडी उलटी करून पाहिली तेव्हा प्रत्येक स्कीच्या खाली एक बारीक उभी धार दिसली. ती कशासाठी, ते मात्र तेव्हा कळलं नाही.

चार्जर लावण्याआधी शेजारच्या, आयटीआयला जाणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने चार्जरवरची बारीक अक्षरं वाचायला सांगितली. कॅनडात घरातली वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230. चार्जरवर 100 ते 240 असं लिहिलेलं असेल तरच तो इथे लावायचा, नाहीतर जळतो. आमच्या चार्जरवर तसं लिहिलेलं होतं, फक्त पिना वेगळ्या होत्या, त्यासाठी शहाद्याहून अडॅप्टर आणला. बॅटरी लिथियमची, 7.4 व्होल्टची, म्हणजे आत 3.7 व्होल्टचे दोन सेल. पूर्ण भरल्यावर ती 8.4 पर्यंत जाते. "आजी, झोपताना लावून ठेवू नका. दिव्याचा रंग बदलला की काढा," असं त्याने दोनदा सांगितलं. मोबाइल मी रात्रभर लावून ठेवते. ती सवय इथे चालणार नव्हती.

सुरू करण्यालाही क्रम असतो. आधी हातातला रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी, मग रिमोट. रिमोट बंद आणि गाडी चालू असं राहिलं, तर काही गाड्या भलताच इशारा पकडून धावत सुटतात. रिमोट आणि गाडी 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर बोलतात आणि सुरुवातीलाच एकमेकांची ओळख पक्की करतात, म्हणून शेजारच्या पोराचं खेळणं आपल्या रिमोटने हलत नाही. तार नसताना दूरची वस्तू हलवण्याची ही करामत आजची नाही. 1895 साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी अशाच लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली होती आणि 1898 मध्ये न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने पाण्यातली छोटी नाव बिनतारी चालवली. हे वाचल्यावर तो रिमोट हातात धरताना मला जरा आदरच वाटला.

ओसरीच्या फरशीवर गाडी पळाली, पण वळेना. स्की पूर्ण डावीकडे फिरलेल्या दिसत होत्या आणि गाडी सरळच चालली होती. वळायला स्कीला जमिनीत थोडं रुतावं लागतं. ती खालची बारीक धार त्यासाठीच असते आणि गुळगुळीत फरशीत तिला रुतायला जागाच नव्हती. दुसरा गोंधळ दिशेचा. गाडी माझ्याकडे येऊ लागली की डावं उजवं उलटं होई आणि माझं बोट चुकीकडे जाई. शेजारचा मुलगा म्हणाला, आपण गाडीत बसलोय असं धरा. मी गाडीबरोबर स्वतःही फिरू लागले, गाडीचं तोंड तिकडे माझं तोंड. हळूहळू उभ्या जागी विचार करून जमू लागलं.

याच दिवसांत नातवाने फोनवर मला अशी गाडी मुळात घडवणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं, आणि मग मी त्याची हकीकत मिळेल तिथून वाचली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचं गाव आहे. तिथला जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए हा मेकॅनिक. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा आजारी पडला, बर्फाने रस्ते बंद होते, दवाखान्यात नेता आलं नाही, आणि मूल गेलं. बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे प्रयोग तो आधीपासून करत होता. त्यानंतर त्याने ते तडीस नेले. दातेरी चक्र आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट त्याला 1937 मध्ये मिळालं. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या गाड्या डॉक्टरांनी, टपालवाल्यांनी, शाळेच्या मुलांनी वापरल्या. एकदोघांनी बसायची हलकी स्की-डू 1959 मध्ये आली, आणि माझ्या टेबलावरचं खेळणं हे तिचं धाकटं रूप.

ही गोष्ट मला फार जवळची वाटली. आमच्याच जिल्ह्यात, धडगाव आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात, पावसाळ्यात बाळंतिणीला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून पायवाटेने खाली आणावं लागल्याच्या बातम्या आजही येतात. नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांना बोटीतला तरंगता दवाखाना जातो. जिथे रस्ता नाही तिथे त्या जागेला साजेसं वाहन कुणीतरी मनापासून घडवावं लागतं. नातवाचं खेळणं त्यानंतर मी अधिक जपून हाताळू लागले, हे खरं.

मग बर्फाला पर्याय शोधायला लागलो. शेजारचा मुलगा म्हणाला, "आठे बरफ कोठे शे? रेतीत चालवू." गोमाईच्या कोरड्या पात्रात गेलो. रेतीत गाडी झकास वळली, कारण धारेला रुतायला जागा मिळाली. पट्ट्यानेही घट्ट पकड घेतली. पण स्की सरकण्याऐवजी नांगरत होत्या, मोटरचा आवाज जड झाला, आणि थोड्याच वेळात गाडीच्या पोटाशी हात लावला तर चटका बसावा इतकी ती तापली. भार वाढला की मोटर जास्त वीज ओढते आणि ती वीज उष्णता होऊन बाहेर येते. शिवाय रेतीचे कण पट्ट्यात शिरले. ते तसेच राहिले तर प्लॅस्टिकचे दाते खरवडून निघतात. घरी येऊन जुन्या टूथब्रशने, पाणी न लावता, एकेक दाता झाडला.

मग नेमकं उलटं करून पाहिलं. केळीची ओली पानं पालथी घालून अंगणात वाट केली. स्की त्यावर अलगद घसरल्या, पण पट्टा जागच्या जागी गरगरत राहिला आणि त्याने पान फाडलं. इथे मला खरी गोष्ट उमगली. या गाडीला पुढे घसरण हवी आणि मागे पकड हवी, एकाच जमिनीकडून. बर्फ दोन्ही देतो. रुंद स्की त्याच्यावर तरंगते, आणि पट्ट्याचे उंचवटे त्यात दाबले जाऊन त्याला धरतात. माणसं बसायच्या मोठ्या गाडीत, म्हणजे स्नोमोबाइलमध्ये, बर्फ तिसरंही काम करतो. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो, त्यांना उडणारा बर्फच थंड ठेवतो आणि वंगण पुरवतो. म्हणून बर्फ नसलेल्या रस्त्यावर खरी स्नोमोबाइल फार पळवली, तर त्या पट्ट्या वितळू लागतात. अर्धं यंत्र कारखान्यात तयार होतं आणि अर्धं जमिनीवर पडलेलं असतं.

एवढं कळल्यावर जागा सापडली. पपईच्या बांधावरची दाट हरळी, सकाळच्या दवाने भिजलेली. स्की घसरतात, पट्ट्याला गवताच्या मुळांची पकड मिळते, दवाने मोटरवरचा भार कमी राहतो. दव म्हणजे पाणी, हे मात्र विसरून चालत नाही. गाडीवर शिंतोडे उडाले तर चालतात, ती बुडालेली चालत नाही. चालवून झालं की बॅटरी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायचं, सावलीत उघडी ठेवायची. उन्हात रबर कडक होतं.

पट्टा सैल पडून दात्यांवरून टकटक उड्या मारू लागला तेव्हा आयटीआयच्या मुलालाही नीट सांगता येईना. आमच्या पिठाच्या गिरणीवाल्या भाऊंनी गाडी हातात घेतली, पट्ट्याचा मधला भाग अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "ताई, थोडा झोळ पाहिजे. फार ताणला तर मोटर रडेल, फार सोडला तर दाता चुकेल." मागच्या चक्राला दोन बाजूंना दोन स्क्रू आहेत. ताण कमीजास्त करायला दोन्ही सारखे फिरवायचे. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर त्या बाजूचा थोडा आवळायचा, एका वेळी पाव फेरा, मग फिरवून बघायचं. चक्रांच्या आसाला घरातले केस आणि वेचणीच्या कापसाचे तंतू गुंडाळलेले निघाले, तेही चिमट्याने काढून दिले. खानदेशात कापूस कुठे पोचत नाही!

मार्चपासून ऊन चढतं आणि आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीत लिथियम बॅटरी ठेवायची नाही, उष्णतेने ती लवकर म्हातारी होते. पूर्ण भरूनही ठेवायची नाही आणि पूर्ण रिकामीही नाही. निम्म्याच्या आसपास भरून, गाडीतून काढून, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवायची. आमच्या घरात तो कोपरा माजघरात माठाच्या बाजूला आहे, पण पाण्यापासून हातभर दूर. रिमोटमधले सेलही काढले, कारण पडून राहिले की ते पाझरतात आणि आतले पत्रे खातात.

हरळीवरचा व्हिडिओ नातवाने पाहिला आणि वळण छान घेतलंस म्हणाला. तिकडे थंडीत गाडी फार लवकर थांबायची, अशी त्याची तक्रार होती. मी त्याला सांगितलं, गारठ्यात बॅटरी कमी वीज देते, ती बिघडलेली नसते. पुढच्या हिवाळ्यात बाहेर नेईपर्यंत बॅटरी घरात उबेला ठेव. आणि खेळून आत आलास की लगेच चार्जरला लावू नकोस, शून्याखाली गारठलेली लिथियम बॅटरी चार्ज केली तर आतून कायमची बिघडते. आधी तिला घराइतकी ऊबदार होऊ दे. हे त्याला ठाऊक नव्हतं. आता गाडी परत न्यायला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत येणार आहे, आणि तोवर पट्ट्याचे ते दोन स्क्रू त्याला स्वतःला फिरवता यावेत म्हणून कोणता कुठल्या बाजूचा, ते मी एका कागदावर काढून ठेवलं आहे.