‘का’च्या आधी ‘कधी’

जुन्या गाडीला औषध सांगणाऱ्या माणसांचा आपल्याकडे कधीच दुष्काळ पडत नाही. खोकणारा माणूस आणि कुरकुरणारी गाडी दिसली की येणारा-जाणारा थांबतो आणि मोफत निदान करून पुढे जातो. आमच्या गाडीला अशी इतकी निदाने लाभली, की ती सारी खरी असती तर तिच्यात चाकांखेरीज धड असे काही उरलेच नसते!

गाडी वीस वर्षांची, डिझेलवर चालणारी, ऐसपैस. कोणत्या कंपनीची ते विचारू नका. वीस वर्षे झाली की सगळ्या गाड्या एकाच घराण्यातल्या होतात. माझे वडील तिच्यावर पाटण-कऱ्हाड रस्त्याला वडाप करतात. घरचा किराणा, आजीच्या गोळ्या आणि माझी कॉलेजची फी हे सगळे तिच्याच पाठीवरून घरी येते. लग्नसराईत ती वऱ्हाड घेऊन चिपळूणलाही जाते. गेल्या वैशाखात तिने दोन दुखणी एकदम काढली. कुंभार्ली घाट चढताना उष्णतेचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला, आणि बोनेटखालून जात्याच्या घरघरीसारखा आवाज येऊ लागला.

आवाज आणि ताप जोडीने आले की ऐकणाऱ्याच्या मनात एक तयार गोष्ट उभी राहते: ‘इंजिन बसले!’ एका मोठ्या गॅरेजात बोनेट उघडून पाच मिनिटांत हाच निकाल मिळाला. सगळे इंजिन खोलावे लागेल म्हणाले, आणि जो आकडा सांगितला त्यात तसलीच दुसरी जुनी गाडी आली असती. शेजारच्या काकांनी थर्मोस्टॅट काढून फेकायला सांगितले. आणखी कोणी भंगारवाल्याचा पत्ता दिला. वडील दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी गाडी विकायचा विषय काढला, आणि आईने ताटातली भाकरी तशीच ठेवली.

विकायच्या आधी एकदा दाखवू, म्हणून आम्ही कऱ्हाडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची शेड, बाहेर एक बाकडे. मिस्त्रींनी बोनेटला हातही लावला नाही. वडिलांना बाकड्यावर बसवले आणि म्हणाले, “अण्णा, काय झालंय ते मी हुडकतो. तुमी फकस्त कवा हुतंय त्येवढं सांगा.”

मग प्रश्न सुरू झाले. उभी असताना तापते की पळताना? चढाला की सपाटीला? पाणी किती घालावे लागते? आवाज सकाळी थंड इंजिनलाही येतो का? क्लच दाबला की बदलतो का? प्रत्येक प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना लक्षात आले, की आजवरच्या निदानकर्त्यांपैकी एकानेही यातले काही विचारले नव्हते.

मी रोज याच गाडीने कॉलेजला येते आणि पुढे बसते. त्यामुळे काही उत्तरे माझ्याजवळ होती. क्लच दाबून आवाज बदलत नाही. गाडी माणसांनी भरलेली असो की रिकामी, तो तसाच असतो. उभ्या गाडीत नुसता ॲक्सिलरेटर दाबला तरी चढतो. मिस्त्रींनी मान हलवली. “पोरी, वज्यानं बदलत न्हाई, म्हंजे आवाज पोटातला न्हवं. भाईरचा हाय.”

त्या ‘भाईरच्या’ शब्दामागचे शास्त्र त्यांनी नंतर सावकाश सांगितले. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले तर खालून जड ठोके येतात आणि ओझे वाढले की ते वाढतात. व्हॉल्व्हची टिकटिक वरून येते आणि तिची लय निम्मी असते, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. क्लच दाबून आवाज बदलला तर क्लचकडे किंवा गिअरबॉक्सकडे पाहायचे. आमची घरघर यांतल्या कशातच बसत नव्हती.

तापण्याचेही तसेच. मोकळ्या रस्त्यावर वेगात काटा खाली येतो, पण घाटात आणि गर्दीत रखडलो की वर जातो, असे वडील म्हणाले. वेगात समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. गाडी रेंगाळली की सारी भिस्त पंख्यावर आणि आतले पाणी फिरवणाऱ्या पंपावर. उलट, वेगात आणि सपाटीलाही तापत असती, तर रेडिएटरच्या नळ्या क्षाराने तुंबल्याचा संशय आधी घ्यावा लागला असता.

एवढे होऊनही गाडी त्या दिवशी उघडली नाहीच. “तापल्याली गाडी आन तापल्याला मानूस, दोघांलाबी आदी निवू द्यावं,” म्हणून त्यांनी ती रात्रभर ठेवून घेतली. यात थट्टेपेक्षा शहाणपण अधिक होते. रेडिएटरचे झाकण आतले पाणी दाबाखाली ठेवते. त्यामुळे ते 100 अंशांच्या पुढेही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवले की दाब सुटतो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येते.

सकाळी त्यांनी सर्वांत स्वस्त वस्तूपासून सुरुवात केली. झाकणाचे रबर चिरलेले होते. ते बाजूला ठेवले. मग ऑइलची काडी: दुधाळपणा नाही. मग झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि पाण्याकडे टक लावून बसले: बुडबुडे नाहीत. सायलेन्सरला पांढरा धूर नाही. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत असावे. एका लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक त्यांनी इंजिनला ठिकठिकाणी टेकवले आणि मूठ कानाशी धरली. वॉटर पंपापाशी येताच मला खूण केली. मी कान लावला. तीच घरघर, पण आता कानात जाते फिरावे इतकी जवळ!

शेवटी त्यांनी पंखा आणि पंप फिरवणारा पट्टा उतरवला आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवले. पंप बंद असताना याहून जास्त चालवायचे नसते. घरघर नाहीशी झाली. वडिलांचा चेहरा त्या अर्ध्या मिनिटात जसा बदलला, तसा मी तो फार दिवसांत पाहिला नव्हता.

पंपाची पुली हाताने हलवली तर ती सैल दाताप्रमाणे डुगडुगत होती. बेअरिंग झिजले म्हणून आवाज. दांडा हलू लागला म्हणून त्याचे सील गेले आणि थेंबथेंब पाणी बाहेर. ते पंख्याच्या वाऱ्याने उडून जाई, म्हणून गाडीखाली ओल दिसत नसे. पंपाच्या अंगावर मात्र पांढरट ओघळ होता. वाकडा फिरून पट्टाही गुळगुळीत झाला होता आणि घसरत होता. दोन दुखण्यांचे मूळ एक निघाले, पण ते इंजिनच्या पोटात नव्हते. पंप, पट्टा आणि झाकण नवे आले. बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट भरले. थर्मोस्टॅट मिस्त्रींनी पाण्यात उकळून, उघडतो हे पाहून, परत जागेवर बसवला. तो काढला तर इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त जाते आणि झीजही वाढते. सारा खर्च वडिलांनी कोणापुढे हात न पसरता भागवला.

रने लॅनेक या फ्रेंच डॉक्टराने 1816 साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. तो स्क्रूड्रायव्हर पाहताना मला त्या सुरळीची आठवण झाली. दोघांचेही साधन मामुली. मोलाचे होते ते निकाल देण्याआधी ऐकून घेणे.

आणि मग आमच्या वर्गाचीही आठवण झाली. कविता फळ्यावर लिहून होण्याआधीच आम्ही ती ‘निराशावादी’ ठरवून मोकळे होतो. कादंबरीतली नायिका घर सोडते. ती का सोडते यावर चार पाने लिहितो, पण ती नेमकी कधी उठली, त्याआधी घरात कोण काय बोलले होते, हे पुन्हा उलटून पाहत नाही. माणसांच्या बाबतीतही हेच. एखादा मित्र अबोल झाला की ‘त्याला गर्व झाला’ हे निदान तयार. तो कधीपासून अबोल झाला, कोणापाशी होतो, कोणापाशी नाही, हे विचारण्याइतकी सवड कोणाला असते?

परीक्षेत ‘का’ या प्रश्नाला पंधरा गुण असतात आणि ‘कधी’ला एकच, तोही रिकाम्या जागा भरताना. मिस्त्रींच्या शेडमध्ये गुणांची वाटणी नेमकी उलटी आहे. आमची गाडी अजून कुंभार्ली चढते आहे, ती त्या वाटणीच्या जोरावर.