क्लिपखालचा गंज

करोनात गेलेलं माझं नाक पुरतं परत आलं नाही. लसणाची फोडणी कळते, पेट्रोल कळत नाही. काशिमिऱ्याच्या गॅरेजवाल्यांत या नाकाचा दरारा होता. बॉनेट न उघडता गळती कुठली ते सांगायचं आणि मालकाचा चेहरा बघायचा, याची मला चटकच लागली होती. आता शिकाऊ पोरगी आधी गाडीखाली घुसते. गिऱ्हाईक उभं असलं की मी तरीही हुंगतो, विचारात पडल्यासारखं करतो. ती "काका, मागे उजवीकडे" असं पुटपुटली की तेच मोठ्यानं सांगतो.

पण सध्या दारात असलेली साठच्या दशकातली ट्रायम्फ स्पिटफायर धडधाकट नाकालाही चकवते. दिसायला विलायती असली तरी आम्हाला ती परकी नाही. ट्रायम्फचीच हेराल्डही डिझायनर मिकेलोटीनंच रेखलेली, हिची चासी हेराल्डवरूनच बेतलेली, आणि हेराल्ड १९६१पासून मद्रासला बनत होती. टाकी मागे, मेकॅनिकल पंप पुढे इंजिनला, म्हणजे मधली अख्खी नळी ओढीवर. दाबाच्या नळीला भोक पडलं तर पेट्रोल बाहेर येतं, डाग पडतो. ओढीच्या नळीला पडलं की चालत्या गाडीत हवा आत जाते. खाली जमीन कोरडी आणि गायमुखच्या घाटात गाडी आचके देते.

मग जो तो म्हणतो, व्हेपर लॉक, म्हणजे तापून पेट्रोलची वाफ झाली. ही सवय पद्मिनी टॅक्सीवाल्यांची. पंपावर ओलं फडकं टाकायचं, चहा प्यायचा, सेल्फ मारायचा. थांबल्यावर गाडी चालू होते, म्हणून निदानही बरोबर वाटतं. मी पंपाला पेट्रोलची बाटली लावतो. बाटलीवर इंजिन शांत चाललं की पंप आणि कार्बोरेटर सुटले, दोष मागे. मग पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा लावून बुडबुडे बघत बसायचं. हवा येते एवढं ते सांगतात, कुठून ते सांगत नाहीत. दरवेळी मी अडतो तो इथंच.

हातानं चाचपली तर नळी धड लागते. गंज असतो क्लिपखाली. नळी चासीला धरणारी ती पत्र्याची क्लिप ओल धरून ठेवते, आणि आमच्या भाईंदरला खाडी आहे, मिठागरं आहेत, हवेतच खार. क्लिप उचकटली की नळीवर तपकिरी कडं दिसतं. नखानं खरवडलं की पापुद्रा सुटतो आणि खाली सुईच्या टोकाएवढं भोक. कधी भोकही दिसत नाही, नुसता ओलसर काळा ठिपका. गाडी रात्रभर उभी राहिली की तिथून पेट्रोल पाझरतं आणि उडून जातं, फक्त वास उरतो. माझं नाक त्या ठिपक्यासाठी होतं.

रबराच्या जोडांचं दुखणं वेगळं. २०२३पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, ते जुन्या रबराला मानवत नाही. बाहेरून काळंभोर, आत अस्तर सुटलेलं. वेग वाढला, ओढ वाढली की तेच अस्तर आत बसून वाट बंद करतं.

हायवेकडचे चकचकीत रिस्टोरेशनवाले रंग आणि चामडं झकास करतात. खाली मात्र गंजका भाग कापून रबराचा तुकडा आणि दोन क्लिपा, नाहीतर फ्रिजवाल्याचं तांबं. तांब्याचा मला राग आहे. वाकायला गोड, पण थरथरीनं कडक होतं आणि फ्लेअरच्या मुळाशी चिरतं. मी तांबं-निकेलची नळी टाकीपासून पंपापर्यंत शक्य तितकी सलग टाकतो, जुनी समोर ठेवून बेंड मारतो. बेंड अजून माझेच. पोरीला मारू देत नाही, आणि तिचे वाईट येतील म्हणून नव्हे.

तिला शिकायला पद्मिनी मिळाली नाही, हेही आहे. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. आम्ही मेकॅनिकल पंपावर हात बसवला तो त्या टॅक्सींवर, मालकाच्या शिव्या खात. स्पिटफायरवर कोण कुणाला हात बसवू देईल?

जुनी स्पोर्ट्स गाडी घेताय तर रंगाचं कौतुक नंतर करा. आधी गाडी रॅम्पवर चढवून नळीच्या सगळ्या क्लिपा सोडायला लावा. रबरी पाइपवर छापलेलं वाचा, कार्बोरेटरची गाडी असली तरी आर-९ दर्जाचाच मागा. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप बसवू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असो.