'जीव घाबरा'ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?

'डॉक्टर का व्हायचंय?' हा प्रश्न आपल्याकडे निकाल लागला की विचारतात आणि उत्तर कुणी ऐकतही नाही. मार्क चांगले आहेत, एवढं कारण पुरतं! अमेरिकेत मात्र हे उत्तर लिहून द्यावं लागतं. मेडिकल स्कूलच्या अर्जात त्यासाठी जागा असते ५,३०० अक्षरांची, मधल्या मोकळ्या जागा धरून. मी ती चार वेळा भरली आणि चारही वेळा डिलीट केली.

चारही ड्राफ्टमध्ये 'लोकांची सेवा' वगैरे होतं. छान, गुळगुळीत. खरं कारण लिहायची मात्र लाज वाटत होती.

२००८ मध्ये, मी नऊ वर्षांची असताना, आम्ही डोंबिवलीहून न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. बाबांचा एच-वन-बी व्हिसा, आमचा एच-फोर. एडिसन म्हणजे परदेश वाटूच नये असं गाव. ओक ट्री रोडवर साडीपासून पाणीपुरीपर्यंत सगळं मिळतं. दोन वर्षांत माझं इंग्लिश इतकं 'तिकडचं' झालं की घरातले सगळे फोन माझ्याकडे यायला लागले. बँक, केबलवाला, शाळा... आईला इंग्लिश येत होतं, पण समोरच्याने एकदा 'पार्डन?' म्हटलं की ती गप्प व्हायची. "तूच बोल बाई, तुझं कळतं त्यांना." मला जाम भारी वाटायचं. अकराव्या वर्षी मी घराची पीआरओ!

२०१३ च्या हिवाळ्यात साताऱ्याहून आजी आली. एका संध्याकाळी ती सोफ्यावर नुसतीच बसून राहिली. म्हणाली, "कसंतरीच होतंय गं. जीव घाबरा होतोय."

बाबा कामासाठी शिकागोला होते. फोनवर त्यांनी आधी विचारलं, "छातीत दुखतंय का?" आजी नाही म्हणाली. मग जरा थांबून म्हणाले, "इमर्जन्सीत नको, अर्जंट केअरला न्या." का, ते सांगायची गरज नव्हती. आजीचा व्हिजिटर इन्शुरन्स जुन्या आजारांचा खर्च देणार नव्हता आणि तिचा डायबिटीस वीस वर्षांचा. इमर्जन्सीचं बिल काय असतं, हे तिथल्या प्रत्येक देशी घरात ऐकून माहीत असतं.

क्लिनिकमध्ये नर्सने विचारलं, "फोनवर दुभाषा देऊ? हिंदी चालेल?" आजीचं हिंदी टीव्हीवरच्या 'रामायणा'पुरतं. मी ऐटीत म्हणाले, "मी आहे ना!"

डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मी मनातल्या मनात जुळवणी केली. जीव म्हणजे लाइफ, घाबरा म्हणजे स्केअर्ड. म्हणाले, "शी इज फीलिंग स्केअर्ड." डॉक्टर समजुतीने हसले. नवा देश, थंडी, दिवसभर घरात एकटी... असं होतं म्हणाले. बीपी पाहिलं, छातीत दुखत नाही ना, हे विचारलं आणि विश्रांती घ्यायला सांगून घरी पाठवलं.

दोन दिवसांनी पहाटे ९११ ला फोन करावा लागला. हार्ट अटॅक.

हॉस्पिटलमधल्या कार्डिऑलॉजिस्टनी नंतर समजावलं की त्रास बहुधा आधीच सुरू झाला असावा. वयस्कर बायकांना, त्यातून डायबिटीस असेल तर, छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. मळमळ, धाप, घाम, खूप थकवा, नुसती अस्वस्थता. म्हणजे आपलं 'कसंतरीच होतंय'! आजीने लक्षण अगदी बरोबर सांगितलं होतं. माझ्या तोंडून डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत त्याची भीती झाली होती.

आजी वाचली. स्टेंट बसला, पण हृदय अशक्त झालं ते झालंच. बाबा ते बिल कित्येक वर्षं हप्त्याने फेडत होते. आजी साताऱ्याला परतली आणि आणखी चार वर्षं जगली. एकदा फोनवर मी रडत सॉरी म्हटलं, तर म्हणाली, "अगं, तू नसतीस तर मी मुकीच होते की तिथं." रागावली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

पाचव्या ड्राफ्टमध्ये मी हे सगळं लिहिलं.

पुढचा रस्ता काही सिनेमासारखा नव्हता. २०२० मध्ये मी एकवीस वर्षांची झाले आणि एच-फोर संपला. एडिसनमध्ये वाढलेली मी कागदोपत्री 'परदेशी विद्यार्थिनी' झाले. सरकारी कर्ज मिळेना. ग्रीन कार्ड नसेल तर कितीतरी मेडिकल स्कूल्स अर्जच घेत नाहीत. पहिल्या वर्षी सगळीकडून नकार. बाबा हळूच म्हणाले, "कम्प्युटर सायन्स केलं असतंस तर?" दुसऱ्या वर्षी एकच होकार आला. एकच लागतो.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे वॉर्डात. तुमच्यापैकी कुणाचे आईबाबा दर उन्हाळ्यात ताई-दादाकडे अमेरिकेला जात असतील, तर दोन गोष्टी सांगते. त्यांच्या औषधांची आणि आजारांची इंग्लिशमध्ये लिहिलेली यादी त्यांच्या पाकिटात ठेवा. आणि दुभाषा मागताना 'मराठी' असं स्पष्ट सांगा. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलांना तो फुकट द्यावा लागतो. तातडीची वेळ सोडली तर लहान मुलांना दुभाषा करू नये, असं २०१६ च्या नियमांत आलं. माझ्यासाठी तीन वर्षं उशिरा.

गेल्या महिन्यात एक तेलुगू आजी आल्या. सोबत बारा-तेरा वर्षांचा नातू. मी काही विचारायच्या आत तो पुढे आला, "आय विल ट्रान्सलेट." तीच ऐट! मी फोनवर तेलुगू दुभाषा मागवला आणि त्याच्यासाठी आजींच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हटलं, "तू फक्त त्यांचा हात धर. शब्दांचं आम्ही बघतो."

त्याने खांदे सैल सोडले आणि आजींच्या शेजारी बसला.