अभ्यास वाचून दाखवणारा आवाज

माझा मुलगा आता नववीत आहे. त्याला वाचता येत नाही हे आम्हाला उशिरा कळलं, कारण धडे त्याला पाठ असायचे. वर्गात बाईंनी एक-दोनदा वाचलं की धडा त्याच्या डोक्यात बसायचा. मग पुस्तक समोर धरून तो घडाघडा म्हणायचा. चौथीत धडे लांबले आणि ही युक्ती चालेना. जोडाक्षर आलं की अडायचा. पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून द्यायचा, ‘प्रकाश’चं ‘प्रवास’ व्हायचं. तोच धडा मी वाचून दाखवला की सगळ्या प्रश्नांची तोंडी उत्तरं बरोबर.

म्हणून रोज रात्री मी वाचायला लागले. मी पतसंस्थेत नोकरी करते. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, जेवणं, मागचं आवरणं आणि मग मोठ्याने परिसर अभ्यास. मार्चअखेरीला घरी यायलाच नऊ वाजायचे, आणि त्याची परीक्षाही त्याच सुमारास. त्याचे बाबा वाचायला बसले तर ते भरभर वाचतात म्हणून याची कुरकुर. वाचता वाचता मी चिडायचे, आणि मी चिडले की तो पुस्तक मिटायचा. शिकवणीच्या बाईंनी तर ‘मुलगा आळशी आहे’ असं तोंडावर सांगितलं. मला ते तेव्हा थोडं पटलंही होतं.

पाचवीत त्याची तपासणी झाली. आधी डोळे आणि कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या वेगवेगळ्या चाचण्या. बुद्ध्यांक चांगला निघाला, वाचन मात्र दुसरीतल्या मुलाएवढं. डिस्लेक्सिया. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेत सवलती मिळतात. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. आम्ही ते लगेच काढलं. हेलपाटे होतात, पण दहावीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा ते बरं.

विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन वेळा त्याला शिकवायच्या. त्यांनीच पहिल्यांदा विचारलं, “रोज तुम्हीच कशाला वाचता? फोनला वाचू द्या ना.”

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचा भाग असतो. तिथे ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू केलं की पडद्यावरच्या ज्या मजकुरावर बोट ठेवाल तो फोन वाचून दाखवतो. पैसे पडत नाहीत. आम्ही ते सुरू केलं आणि फोन हिंदी बोलल्यासारखं मराठी वाचायला लागला. ‘चाक’ आणि ‘चमचा’ ऐकून पोरगं पोट धरून हसलं. सासूबाई म्हणाल्या, “हा कुठल्या गावचा पाहुणा?” नंतर कळलं की आवाजाची भाषा वेगळी निवडावी लागते. टेक्स्ट-टू-स्पीचच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा आवाज उतरवून घेतला, तेव्हा तो पाहुणा मराठीत बोलू लागला. एकदा उतरवला की नेट नसतानाही चालतो. आमच्याकडे नेट येतं-जातं, त्यामुळे हे फार सोयीचं झालं.

पुढचा प्रश्न पुस्तकाचा. फोनला कागद वाचता येत नाही, त्याला मजकूर द्यावा लागतो. पहिले काही महिने मी पानाचे फोटो काढून त्यातली अक्षरं ओळखणारं अ‍ॅप वापरत होते. पान सपाट असेल आणि उजेड चांगला असेल तर बरंच अचूक येतं. ट्यूबलाइटखाली स्वतःचीच सावली पानावर पडली की बिघडतं. दोन रकान्यांचं पान असेल तर कधी कधी डावीकडची ओळ अर्धी वाचून आवाज थेट उजवीकडे उडी मारतो. इतिहासाच्या पुस्तकात मध्येच चौकटी असतात, त्या धड्याच्या मजकुरात घुसतात. म्हणून मी दोनऐवजी एकेका रकान्याचा फोटो घ्यायला लागले. वेळ जातो, पण घोळ होत नाही.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात हे मला माहीत होतं. ती लॅपटॉपवर उघडून वाचून घेता येतील हे डोक्यात आलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ‘रीड अलाउड’ असं बटण आहे. त्यात मराठीचे दोन आवाज आहेत, बाईचा आरोही आणि पुरुषाचा मनोहर. फोनमधल्या आवाजापेक्षा हे पुष्कळ माणसासारखे वाटतात. मात्र त्यांना नेट लागतं. मुलाने मनोहर निवडला. आरोही म्हणे माझ्यासारखी वाटते.

आता ज्या गोष्टीने आमचे सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ती सांगते. सहामाहीच्या आधी शिकवणीच्या नोट्सची फाइल आली. उघडली तर स्वच्छ मराठी. वाचायला लावली तर आवाज कुठलीतरी इंग्रजी अक्षरं आणि कंस बरळायला लागला. आधी वाटलं फोन बिघडला. मग वाटलं व्हायरस. शेवटी पतसंस्थेत संगणक बघणाऱ्या मुलाने उलगडा केला. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. आवाज तेच वाचतो. मजकूर युनिकोडमध्ये असला तरच मराठी ऐकू येतं. ओळखायची सोपी रीत त्यानेच शिकवली. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात चिकटवायची. मराठी उमटलं तर वाचता येईल, गिचमिड उमटली तर नाही. ओळ निवडताच येत नसेल तर ते पानाचं नुसतं चित्र आहे. अशा वेळी परत फोटो काढून अक्षरं ओळखून घेणं हाच उपाय. शिकवणीवाल्यांना मी युनिकोडमध्ये द्या म्हणून सांगितलं. ते म्हणाले, आमचा टायपिस्ट असंच करतो.

सगळं जमल्यावर मी निवांत झाले. रात्री भांडी घासताना आत मनोहर शिवकालाचा धडा वाचतोय, मुलगा अंथरुणावर पडून ऐकतोय. खरं सांगायचं तर मला त्या आवाजाचा थोडा हेवा वाटला. तो एकच वाक्य दहा वेळा वाचतो आणि एकदाही सुस्कारा सोडत नाही. तोंडी परीक्षेत मुलाचे गुण वाढले. विज्ञानात तर वर्गात हात वर करायला लागला.

वाचन मात्र तिथंच होतं. पुढच्या चाचणीनंतर विशेष शिक्षिकांनी विचारलं, तो ऐकतो तेव्हा त्याचे डोळे कुठे असतात? डोळे छताकडे असायचे. त्यांनी पद्धत घालून दिली, ती आम्ही अजून पाळतो. आधी परिच्छेद नुसता ऐकायचा, म्हणजे काय चाललंय ते कळतं. मग पुस्तकावर बोट ठेवून आवाजाबरोबर ओळीवरून जायचं. एजमध्ये वाचला जाणारा शब्द रंगीत होतो, तेव्हा बोटाची गरज पडत नाही. मग आवाज बंद करून त्याच परिच्छेदातल्या तीन ओळी स्वतः वाचायच्या. तीनच. जास्त केलं की तो कंटाळतो.

वेगाचंही बघावं लागतं. मला वाटलं होतं, जितका हळू तितका बरा. पण फार हळू केलं की शब्द ताणले जातात आणि वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते. नेहमीपेक्षा जरासाच कमी वेग त्याला मानवला.

काही गोष्टी त्या आवाजाला जमत नाहीत. कविता त्याच्याकडून ऐकवत नाही, ती सासूबाई चालीवर म्हणून दाखवतात. गणितातले अपूर्णांक आणि घातांक तो काहीच्या बाही वाचतो, तिथे त्याचे बाबाच. ‘इ.स.’, ‘कि.मी.’ अशा ठिकाणी टिंबावर वाक्य संपल्यासारखा थांबतो. शुद्धलेखनाला तर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, ते लिहूनच घटवावं लागतं. मुलाच्या वह्या आजही लाल शाईने भरलेल्या असतात.

शाळेत फोन न्यायला बंदी आहे. वर्गशिक्षकांना भीती होती की याला ऐकायची सवय लागेल आणि तो वाचणारच नाही. मी त्यांना तीन ओळींची पद्धत सांगितली. त्यांचं पूर्ण समाधान झालं नाही, पण पुढचा धडा कोणता हे ते आदल्या आठवड्यात कळवायला लागले. त्याने खूप फरक पडला. धडा घरी आधीच ऐकलेला असला की वर्गात फळ्यावरचे शब्द त्याला ओळखीचे वाटतात.

गोष्टींच्या पुस्तकांसाठी आम्ही सुगम्य पुस्तकालयात नाव नोंदवलं. छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. डिस्लेक्सियाची मुलंही त्यात येतात. तिथेही ते प्रमाणपत्र कामाला आलं.

आता तो पाठ्यपुस्तकातलं पान स्वतः वाचतो. हळू वाचतो, वर्गातल्या मुलांपेक्षा पुष्कळच हळू. शब्द अडला तर पूर्वीसारखा ठोकून देत नाही, त्यावर बोट ठेवून फोनला विचारतो.

पुढच्या वर्षी दहावी. परीक्षेत फोन नसणार. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास मिळतील, आणि लेखनिक मिळेल. तो माणूस असतो, मागे घ्यायचं बटण त्याला नसतं. म्हणून परीक्षेआधीचे दोन-तीन महिने यंत्राऐवजी माणसाकडून वाचून घ्यायचा सराव करा, असं शिक्षिकांनी सांगितलंय. शेजारची मुलगी आठवीत आहे, तिला विचारलं, ती तयार आहे. परवा सरावाला आली होती. प्रश्नपत्रिका तिने एका दमात वाचून टाकली. हा म्हणाला, “मनोहर यापेक्षा हळू वाचतो. आणि परत वाच म्हटलं की परत वाचतो.” ती म्हणाली, “मग त्यालाच घेऊन जा परीक्षेला.” रविवारी परत येणार आहे.