पास्कुआलला चुलीपासून हलवू नकोस

मुक्ता,

चुलीपाशी सान पास्कुआलची मूर्ती काजळली म्हणून साबणाच्या पाण्याने पुसायला घेतलीस आणि फडक्याला निळा रंग लागला, हे तू सहज लिहून टाकलंस. मी चष्मा काढून ठेवला. अगं, चितार आळीत सुट्ट्या काढलेली पोर तू! गंजिफाच्या पानाला रंगाआधी काय लावतात हे तुला पाचवीत ठाऊक होतं. चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड. तुझ्या न्यू मेक्सिकोतले सांतेरो, म्हणजे संतांच्या मूर्ती कोरणारे, चिंचोका आणणार कुठून? ते कॉटनवुडच्या मुळाचं हलकं लाकूड कोरतात, जिप्समची भुकटी जनावराच्या कातड्याच्या सरसात कालवून थर देतात, त्यावर पाण्यातले रंग आणि शेवटी पिन्यॉनच्या राळेचं रोगण. पाणी मुरलं की थर मऊ पडतो, स्पिरिट लावलंस तर रोगण उतरतं. खोबरेल तर मुळीच नको, ताई काहीही सांगेल. मऊ कोरडा ब्रश वरून खाली फिरव. पोपडा सुटलेला दिसला तर हात लावू नकोस. ज्या सांतेरो आजोबांनी कोरली त्यांच्याकडेच ने.

हे विचारलेल्याचं उत्तर. आता न विचारलेलं.

हॉलमधल्या काचेच्या कपाटात तो शोभेल म्हणतेस. सान पास्कुआल काय शोभेचा आहे? १५४० साली अरागॉनमधल्या तोर्रेएर्मोसात जन्मलेला, मेंढ्या राखणारा पोर. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून विचारून वाचायला शिकला. फ्रान्सिस्कन मठात गेला तोही पाद्री व्हायला नव्हे, साधा बंधू म्हणून. दार राखायचं, भिक्षा मागायची, मुदपाकखान्यात राबायचं. प्रार्थनेत तंद्री लागली की देवदूतच रांधून जायचे अशी कथा आहे (मला ती फारशी पटत नाही, राबणाऱ्याच्या कामाचं श्रेय पंखवाल्यांना कशाला?). १६९० मध्ये रोमने त्याला संत केलं, १८९७ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी युकॅरिस्टिक परिषदांचा आश्रयदाता नेमलं. पण मेक्सिकोतल्या आणि तुझ्याकडच्या बायकांनी त्याला आपल्या स्वयंपाकघरातच ठेवून घेतलं. आपला देव्हाराही तिथेच होता की, आणि फोडणीचा धूर देवाला बाधतो असं आईच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

काचेत गेलं की कौतुक होतं आणि काम सुटतं, हे माझं पालुपद तू ऐकलेलं आहेस, पुन्हा ऐक. आपली लाकडी फळं बघ, भातुकलीतून उठली आणि टीपॉयवर जाऊन बसली. तिकडेही १८८० मध्ये रेल्वे पोचली, साच्यातले प्लास्टरचे संत स्वस्तात आले आणि कोरणाऱ्यांचं काम बसलं. १९२६ मध्ये सांता फेचा स्पॅनिश मार्केट सुरू झाला, त्याने कला तगली खरी, पण गिऱ्हाईक बदललं. घरात ठेवणाऱ्यांबरोबर संग्रहवाले आले. तू तरी त्यांच्यात जाऊ नकोस.

आणि खरं सांगू का, मला मूर्तीची तेवढी काळजी नाही. ही काजळी जुनी असणार. कारण चार पानी पत्रात तू काय शिजवलंस याचा एक शब्द नाही, नेहमी असतो. रात्री ड्यूटीवरून येऊन उभ्याउभ्या कोरडं काहीतरी खातेस असं दादू म्हणाला (त्याला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं). एकट्या जिवासाठी काय मांडायचं, हे तू मिरजेला असतानाही म्हणायचीस, आणि मग काय झालं ते तुझ्या आईला अजून ठाऊक नाही. श्रीधर दूर गेला म्हणून तुझ्या घरची चूल बंद पडायचं काय कारण? भाताला असा कितीसा वेळ लागतो? सात हजार फुटांवर थोडा जास्त लागेल, कुकर लाव.

आमसुलं आणि मामीचा मसाला दादूबरोबर पाठवतोय. मिरची यंदा तिखट निघाली आहे, बेताने घाल. आणि वजन किती उतरलंय ते मला कळव, ताईला नको.

तुझा
मामा
सावंतवाडी