अकरा मॅराडोना

हा खेळ कागदावर खेळायचा असतो आणि त्याचे नियम तीनच आहेत. फुटबॉलच्या इतिहासातले कोणतेही तीन खेळाडू निवडावेत. त्यांच्या हव्या तितक्या प्रतिकृती काढून अकरा जागा भराव्यात. आणि त्यांपैकी एकाला गोलखांबांमध्ये उभे करावे. तिघांचे दोघे, दोघांचा एक असे करत गेले की खेळ कठीण होत जातो. क्रिकेटमध्ये हा प्रश्न फार लवकर निकालात निघतो. अकरा गॅरी सोबर्स घेतले की फलंदाजी झाली, नवा चेंडू झाला, दोन्ही तऱ्हांची डावखुरी फिरकी झाली. यष्टिरक्षणाची तेवढी विवंचना उरते. फुटबॉल इतक्या सहजी वश होत नाही.

पहिली ऊर्मी अर्थातच अकरा मॅराडोनांची. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीत इंग्लंडविरुद्ध स्वतःच्या अर्धातून निघून त्याने केलेला गोल ज्याने पाहिला आहे, त्याला दुसरे कोणी सुचणेच अवघड. साडेपाच फुटांच्या आतबाहेरचा हा माणूस गोलरक्षक कसा व्हावा, ही शंकाही फार टिकत नाही. त्याच सामन्यात पीटर शिल्टनपेक्षा उंच उडून त्याने हाताचा उपयोग करून दाखवलाच होता. अडचण निराळी आहे. त्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने २-२ अशी बरोबरी साधल्यावर, शेवटच्या काही मिनिटांत मॅराडोनाने एक पास दिला आणि बुरुचागाने धावत जाऊन विजयाचा गोल केला. तो पास त्या धावेवाचून निरर्थक होता. चेंडू आपल्यापाशी नसताना, तो येईल या भरवशावर मोकळ्या जागेकडे धावणारा कोणीतरी हवा होता. अकरा मॅराडोनांच्या संघात अकराही जण चेंडू मागत उभे राहतील, असे मला वाटते.

या कल्पनेच्या सर्वांत जवळ गेलेला प्रत्यक्षातला संघ म्हणजे १९७४ चा हॉलंडचा. प्रत्येकाने प्रत्येकाच्या जागी खेळावे, ही रिनस मिशेल्सची भूमिका. गोलरक्षक योंगब्लूड निवडला गेला त्यात तो पायानेही चांगला खेळतो, हे कारण होते. त्याच्या पाठीवर क्रमांक होता ८, कारण क्रायफचा अपवाद वगळता क्रमांक आडनावांच्या वर्णानुक्रमाने वाटलेले होते. अंतिम सामन्यात आघाडीचा क्रायफ मध्यवर्तुळाजवळ मागे उतरला, तेथून पेनल्टी क्षेत्रात घुसला आणि पाडला गेला. नीस्केन्सने पेनल्टीवर गोल केला तेव्हा एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागलेला नव्हता. पुढे हॉलंड १-२ असा हरला, ही गोष्ट वेगळी. लक्षात घ्यायचे ते हे, की जागांची अदलाबदल करणारे हे लोक एकमेकांसारखे मुळीच नव्हते. एकाने सोडलेली जागा दुसरा भरत असे, पण ती स्वतःच्या रीतीने.

माझ्याबरोबर हा खेळ खेळणारा मित्र भाषाशास्त्र शिकवीत असे. त्याच्या प्रत्येक संघात क्लोद माकेलेले असायचाच. कधी चार, कधी सात. २००३ च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने बेकहॅमला आणले आणि माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिले. त्या वर्षी लीग जिंकलेल्या रेआलला पुढची लीग थेट २००७ मध्ये मिळाली. याचे सारे श्रेय एका माणसाच्या जाण्याला देणे भाबडेपणाचे आहे, हे मी त्याला पुष्कळदा सांगितले. तो म्हणे, वाक्यातला प्रत्यय कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, तो काढून पाहा. तुझा संघ गोल खाणार नाही, पण करणारही नाही, असे मी म्हणालो की तो एक झिदान वाढवी, आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

तो गेल्याला आता काही वर्षे झाली. त्याच्या बाजूचा संघही मीच मांडतो. त्याचे युक्तिवाद मला पाठ आहेत, आवडीनिवडी ठाऊक आहेत, आवाजही आठवतो. तरीही त्याचे संघ अलीकडे फार समंजस होऊ लागले आहेत. त्याचे माकेलेले माझ्या सोयीने खेळतात. प्रतिकृतीत आपण पाहिले तेवढेच उतरते. ज्याने आपल्याला चकित केले असते, ते नेमके वगळले जाते. कागदावरचा मॅराडोना तो एकच गोल पुन्हा पुन्हा करत राहतो, तो याच कारणाने.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे अपरिचित नसावे. पेसोआने एकट्यातून अनेक कवी निर्माण केले, परंतु त्यांच्या शैली भिन्न ठेवल्या, आणि त्यांच्यांतल्या एकाला दुसऱ्याविषयी लिहायलाही लावले. एकाच माणसाचा संघ उभा करायचा तर इतके तरी करावे लागते. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र मोजकी नावे असतात, आणि त्यांच्याविषयीची तीच ती विधाने वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांत उतरत राहतात. आपण त्यांना लेखक समजून शिकवतो.

हल्ली मी नियमात थोडा बदल केला आहे. दहा जागा हव्या तशा भराव्यात. अकरावा खेळाडू मात्र दुसऱ्या कोणीतरी, आपल्याला न विचारता निवडावा. कोऱ्या राहणाऱ्या त्या जागेसाठी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने परवा गोलरक्षक लेव्ह याशिनचे नाव सुचवले, आणि त्याला आघाडीला खेळवा म्हणाली. मी कारण विचारले. तिचे उत्तर मला पटलेले नाही. ते खोडून काढायला कागद पुन्हा पुढे ओढावा लागला.