हजेरीपटावरचे चव्हाण

मंठा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेचा हजेरीपट उघडा. राठोड, पवार, जाधव, आडे आणि चव्हाण. चव्हाण तर असे एकाखाली एक लागलेले, की बाई नुसतं आडनाव घेऊन थांबल्या तर अर्धी रांग 'हजर' म्हणेल. मराठ्यांच्या शहाण्णव कुळांत हे आडनाव आहे, तसंच बंजाऱ्यांच्या गोतांतही. गावातला चव्हाण आणि तांड्यावरचा चव्हाण यांची बोली वेगळी, सोयरीक वेगळी. सातबाऱ्यावर मात्र अक्षरं तीच.

महाराष्ट्राचे चार मुख्यमंत्री चव्हाण. यशवंतराव, शंकरराव, अशोकराव, पृथ्वीराज. त्यांतले शंकरराव आमच्या मराठवाड्याचे. १९२० साली पैठणला जन्मले. १९७६ साली त्याच पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं, तेव्हा मुख्यमंत्रिपदी तेच होते. शिस्तीपायी लोक त्यांना हेडमास्तर म्हणत, आणि मला त्या शब्दात आदरच ऐकू येतो. आणखी एक चव्हाण आपल्या सगळ्यांच्या घरातले, विजय चव्हाण. 'मोरूची मावशी'त साडी नेसून रंगमंचावर आले आणि थिएटर डोक्यावर घेतलं. 'पछाडलेला'सारख्या सिनेमांमुळे ते पोरासोरांनाही ठाऊक झाले. २४ ऑगस्ट २०१८ला ते गेले.

तांड्यावरच्या चव्हाणांची गोष्ट दसऱ्यानंतर, ऊसतोडीला निघताना सुरू होते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रकमध्ये पत्रे, भांडी, कोंबड्या, पिठाचं पोतं आणि त्या पोत्यावर बसलेलं शाळेतलं पोर. अंधार असतानाच फडात शिरायचं. ऊस तोडायचा, वाढं काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. बाई गरोदर असली तरी मोळी तेवढीच. ऊसतोडीच्या अशा कितीतरी टोळ्या सातारा-सांगलीकडे जातात. यशवंतरावांचं देवराष्ट्रे आणि कराड त्याच ऊसपट्ट्यात.

यशवंतराव लहान असतानाच त्यांचे वडील गेले. आई विठाबाईंनी हाल सोसले, पण मुलाची शाळा सुटू दिली नाही. तो मुलगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला आणि पुढे देशाचा संरक्षणमंत्री झाला. फडातल्या आईचाही जीव पोराच्या शाळेतच अडकलेला असतो. पण म्हातारी माणसं थकलेली, घराला कुलूप. मग पोर ठेवायचं कुणापाशी? ते बरोबर जातं आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते.

आई-बाप तोडीला गेले तरी मुलांना गावातच राहून शिकता यावं, म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. ही वसतिगृहं ट्रक हलायच्या आधी सुरू व्हायला हवीत. पोरं निघून गेल्यावर उघडून उपयोग नाही. मंठ्याच्या गुरुजींनो, बाईंनो, सरपंचांनो, यंदा वसतिगृहांसाठी मुलांच्या याद्या दसऱ्याच्या आधी पाठवा.